तपासलेली वही

पौडात मला अजून ‘पार्ट्स ऑफ स्पीच मास्तर’ म्हणतात. म्हणू देत. चौतीस वर्षं मी मुळशीतल्या शाळांमधून इंग्रजी शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे घासून शिकवलं. हल्लीची गाइडं बघितली की माझं डोकं फिरतं. वॉटर म्हणजे पाणी, नाम. झालं! अरे, झालं काय? ‘द फार्मर वॉटर्स द फील्ड’ म्हटलं की तिथं पाणी नुसतं पाणी राहिलं का? इंग्रज पाण्यालाच कामाला लावतो, त्याचं क्रियापद करून टाकतो. ‘फास्ट’ घ्या. घोडा फास्ट, त्याचं पळणं फास्ट, एकादशीचा उपास फास्ट आणि तो उपास करणं तेही फास्ट. इंग्रजी शब्दाला ‘तू कोण’ म्हणून शब्दकोशात विचारू नका, त्याला आधी वाक्यात बसवा आणि मग विचारा. हे मी इतक्यांदा बोललोय की पोरं माझी नक्कल करायची ती याच वाक्यानं.

दुसरा एक नियम होता माझा आणि तो मी फार कडक पाळायचो. उदाहरणाच्या वाक्यात ‘आय’ नको, ‘मी’ नको, ‘माय’ नको. कारण पोरं काय करायची, शब्द दिला की त्यात आपलं घरदार घुसवायची. माझी म्हैस मेली, माझा बाप पितो, माझे पाय दुखतात. साठ-साठ वह्या तपासायच्या असतात हो! प्रत्येकाच्या म्हशीसाठी रडत बसलो तर क्रियापद कोण बघणार? म्हणून ‘द बॉय’, ‘द गर्ल’, ‘द फार्मर’, असंच लिहायचं. कुणी स्वतःला वाक्यात आणलं की लाल शाईची फुली. माझी मुलगी गौतमी माझ्याच वर्गात होती, तिलासुद्धा सूट नव्हती. मास्तराची पोर म्हणून उलट दोन फुल्या जास्तच.

गौतमीचं लग्न सहा वर्षांपूर्वी कासारसाईच्या किशोरशी झालं. त्यांची जमीन हिंजवडीकडच्या कंपन्यांत गेली, त्यावर तीन मजली घर उठलं, वरच्या दोन मजल्यांवर कंपनीतल्या पोरापोरींना खोल्या भाड्यानं दिलेल्या, दारात खडी वाहायची पिकअप. मी हरखून गेलो होतो, खोटं कशाला बोलू? पुढं नात झाली. तिचं नाव तिकडच्यांनी त्रिशा ठेवलं, मी मात्र तिला ठमी म्हणतो. ठमी आता साडेचार वर्षांची आहे.

हे सगळं सांगतोय कारण गेले आठ महिने ठमी कासारसाईला होती, तिची आई बावधनला एका खोलीत होती, आणि त्या दोघी एकत्र येणार की नाही हे एका वहीवर ठरणार होतं. ती वही माझ्याकडं होती.

ठमी दोन वर्षांची झाल्यावर गौतमीनं शिक्षकभरतीच्या परीक्षेचा अभ्यास काढला. सासूनं हो म्हटलं. सून शाळेत बाई झाली तर गावात मान वाढतो, म्हणून असेल. फोन मात्र सासूकडंच असायचा, आणि आमचं बोलणं व्हायचं ते स्पीकरवर. त्यानंतरच्या दिवाळीत गौतमी आमच्या घरी आली होती, तेव्हा स्वयंपाकघरात आईजवळ काहीतरी सांगत होती आणि मध्येच रडत होती. मी बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसलेलो. तिथूनच ओरडलो, “रडगाणी नकोत! परीक्षा पास हो. नोकरी लागली की सगळे सुतासारखे सरळ येतात.” मला ते मनापासून खरं वाटत होतं. माझ्या डोळ्यांसमोर शाळेत उभी राहिलेली गौतमी होती, आणि तिला तिथवर न्यायचं तर इंग्रजी पक्कं हवं, एवढंच मला दिसत होतं.

मग आमची वही सुरू झाली. दर शनिवारी किशोर पिकअप घेऊन घोटवडे फाट्यावरून पिरंगुटला जायचा. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मी नऊ वाजता जाऊन बसायचो. किशोर गाडी बंदसुद्धा करायचा नाही, खिडकीतूनच वही माझ्या हातात द्यायचा. मी ती तिथंच तपासायचो, पुढच्या आठवड्याचे पाच शब्द लिहून द्यायचो, आणि अकराला परत जाताना तो वही घेऊन जायचा. पाच शब्द, प्रत्येकाची दोन वाक्यं, एकात शब्द नाम असेल तर दुसऱ्यात क्रियापद किंवा विशेषण. दहा वाक्यांना दहा मार्क.

किशोर कधीमधी पानं चाळायचा. “काय मास्तर, आमच्या बायकूला कलेक्टर करताय काय?” असं म्हणून हसायचा. दहावीला इंग्रजीचा पेपर त्यानं कोरा दिला होता आणि ते तो कौतुकानं सांगायचा. मीही हसायचो. जावई हसला की सासऱ्यानं हसायचं असतं.

असे एक्केचाळीस शनिवार झाले.

बेचाळिसाव्या शनिवारी किशोर सकाळी वही देऊन गेला आणि अकराला आलाच नाही. बारापर्यंत वाट बघितली. दुसऱ्या रस्त्यानं गेला असेल म्हणून वही पिशवीत टाकली आणि घरी आलो. जेवलो, झोपलो. सोमवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. रेश्मा नावाची मुलगी बोलत होती, किशोरच्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी, कंपनीत नोकरी करणारी. “काका, मी गौतमीताईला बावधनला आणलंय. त्यांचा हात मोडलाय. खोलीला बाहेरून कडी होती, ती मी काढली. त्रिशाला आणता आलं नाही, ती आजीजवळ होती.” एवढं सगळं ती एका दमात बोलली.

मी आणि चंद्रा, म्हणजे माझी बायको, तसेच निघालो. डॉक्टर म्हणाले, हाड दोन दिवसांपूर्वी मोडलंय, शनिवारीच आणायला हवं होतं. कासारसाईहून निरोप आला की जिन्यावरून पाय घसरला. प्लास्टर घालून झाल्यावर रेश्माच्या ओळखीच्या खोलीत आम्ही गौतमीला नेलं. चंद्रा तिला वरणभात भरवत होती. मी दुकानातून दूध घेऊन आलो आणि दाराबाहेर चपला काढत होतो, तेव्हा आतलं बोलणं कानावर पडलं.

“आई, मी वहीत लिहीत होते गं. किशोरला कळू नये म्हणून ‘द गर्ल’ लिहायचे, आप्पांच्या नियमाप्रमाणे. मला वाटायचं, आप्पा ओळखतील. पण उदाहरणं म्हणूनच वाचली असतील त्यांनी, त्यात त्यांची काय चूक? म्हणून मग या शनिवारी शेवटच्या पानावर मी सरळ लिहिलं. ते पान मात्र त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. किशोरनं फाडलं असणार.”

“आगं, कशावरनं पोचलं न्हाई?” चंद्रानं विचारलं.

“पोचलं असतं तर ते आले नसते का? गाडी मिळाली नसती तर आप्पा चालत आले असते.”

मी दूध दारात ठेवलं आणि खाली उतरून आलो. चांदणी चौकापर्यंत चालत गेलो आणि तिथून मिळेल ती गाडी धरून पौडला आलो. चंद्रा तिथंच राहिली. घरी येऊन वही उघडली.

आता तुम्हाला सांगतो काय होतं तिच्यात. मी तपासलेली, मी सही केलेली वही.

‘लॉक’. ‘द लॉक इज ऑन द आउटसाइड. दे लॉक द गर्ल इन.’ कुलूप बाहेरून आहे, मुलीला आत कोंडतात. दोन्ही वाक्यं बरोबर, पहिल्यात नाम, दुसऱ्यात क्रियापद. शेजारी माझं लाल ‘गुड’.

‘फास्ट’. ‘द गर्ल इज फास्टिंग सिन्स ट्यूजडे. इट इज अ फास्ट फॉर नो गॉड.’ मंगळवारपासून मुलगी उपाशी आहे, हा उपास कुठल्या देवाचा नाही. तिथं मी ‘इज’ खोडून ‘हॅज बीन’ केलं होतं. ‘सिन्स’ आलं की कोणता काळ वापरायचा हे किती वेळा सांगायचं, असं खाली मराठीत लिहिलं होतं, आणि अर्धा मार्क कापला होता.

‘हँड’. त्या पानावर अक्षर पार वाकडंतिकडं. ‘द राइट हँड इज स्वोलन. द गर्ल हँड्स द प्लेट विथ द लेफ्ट.’ उजवा हात सुजलाय, मुलगी ताट डाव्या हातानं देते. अहो, पोरीनं डाव्या हातानं लिहिलं होतं ते पान! आणि मी काय केलं? ‘अक्षर सुधार’ म्हणून शेरा दिला आणि एक मार्क कमी केला.

दहा-दहा वाक्यांत अशी दोन-चार, बाकीची नेहमीची, गाय चरते, शेतकरी पेरतो. मी टपरीवर बसून चहाबरोबर ती वाचली होती. वाचली म्हणजे काय, क्रियापद बघितलं, प्रत्यय बघितला, स्पेलिंग बघितलं. शब्द वाक्यात कुठं बसलाय ते बघितलं आणि वाक्यात कोण बसलंय ते बघितलंच नाही.

आणि शेवटचं पान. शब्द मीच दिला होता, ‘होम’. नाम म्हणून एकदा, क्रियाविशेषण म्हणून एकदा. तिनं लिहिलं होतं, ‘द गर्ल हॅज नो होम हिअर. टेक मी होम.’

ते ‘मी’ मी खोडलं होतं. वर लाल शाईनं नीट ‘द गर्ल’ लिहिलं होतं. बाजूला ‘रूल!’ असं लिहून उद्गारचिन्ह दिलं होतं, आणि खाली आठ मार्क.

म्हणजे पान पोचलं होतं. मी वाचलं होतं. मला घरी न्या असं माझ्या पोरीनं लिहिलं, आणि मी तिला वाक्यातून बाहेर काढून तिच्या जागी दुसरी कुणीतरी मुलगी बसवली.

मी ते पान फाडलं. जाळायला चुलीपर्यंत गेलो, पण तिचं अक्षर होतं त्यावर, हात धजला नाही. चार घड्या घालून आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवलं आणि पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी बावधनला जाऊन गौतमीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “बाळा, शेवटचं पान वहीत नव्हतंच.”

ती म्हणाली, “मला माहीतच होतं, आप्पा.” आणि चांगल्या हातानं माझा हात धरला. तुम्हाला काय सांगू, त्या हातासाठी मी आणखी शंभर वेळा खोटं बोललो असतो.

चंद्राला इंग्रजी येत नाही. घरी आल्यावर एकदा ती वही मांडीवर घेऊन बसली होती, पानं उलटत. “हितं लाल लाल काय लिव्हलंय?”

“चुका.”

“कुणाच्या?”

“तिच्या. दुसऱ्या कुणाच्या असणार?” मी खेकसलो. तिनं वही मिटून ठेवली.

केस शिरीननं घेतली. पौडच्या पेठेत महंमदभाईंचं कापडाचं दुकान आहे, त्यांची ही मुलगी. माझीच विद्यार्थिनी, माझ्या नियमांना वैतागलेली आणि तरी माझ्यावर जीव लावणारी. ती म्हणाली, “सर, हात मोडल्याचा कागद आहे, पण ते त्याचं खापर जिन्यावर फोडतील. रेश्मानं कडी काढली, ती साक्ष देईल, पण तिनं एकच दिवस बघितलंय. आधीचं सगळं फक्त वहीत आहे. तारखा आहेत, तुमच्या सह्या आहेत. त्रिशाचा ताबा मिळायचा तर वहीवरच मिळेल.” मग तिनं वही उलटीसुलटी केली. “शेवटचं पान किशोरनं फाडलं, हा तर आपला मोठाच मुद्दा आहे.”

मी मान हलवली. त्या मानेला काय म्हणावं? वकिलाला खोटं सांगितलं, तेही माझ्याच विद्यार्थिनीला.

आठ महिने तारखा पडत गेल्या. कोर्टानं गौतमीला दर पंधरवड्याला दोन तास ठमीला भेटायची परवानगी दिली होती. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत ठमी आईला चिकटून रडायची. पुढंपुढं ती लांब उभी राहून हातातली बाहुली दाखवायची आणि आजीकडं पळायची. पाचव्या भेटीला तिनं विचारलं, “तू आमच्या घरी पाहुणी का येत नाही?” गौतमी त्या दिवशी बावधनच्या खोलीत परत आली आणि दोन दिवस जेवली नाही. आणखी वर्ष गेलं असतं तर पोरगी आईला ओळखीची बाई म्हणूनच ओळखायला लागली असती. हे मला दिसत होतं. पान खिशात होतं. दर तारखेला मी तो सदरा घालायचो आणि पाकीट न उघडता परत यायचो. वाटायचं, शिरीन हुशार आहे, पानावाचून निभावेल. माझं मला राहील, पोरीला तिची पोर मिळेल. लबाड माणूस किती आशा धरतो बघा.

साक्षीचा दिवस आला. आधी किशोरला पिंजऱ्यात बोलावलं. शिरीननं सरळ विचारलं, “वहीतलं शेवटचं पान तुम्ही का फाडलं?”

“म्या न्हाई फाडलं.”

“वही तुमच्याच हातून जात होती.”

“जात व्हती. पर पान म्या न्हाई फाडलं. देवाशप्पथ!” त्याचा आवाज चढला. कोर्टात कुणीतरी हसलं. त्या माणसानं त्या दिवशी जिना, कडी, उपास सगळ्यावर खोटं सांगितलं, आणि फक्त एक गोष्ट खरी सांगितली, तीच कुणाला पटत नव्हती. मला त्याचा राग यायला हवा होता. तो आलाच, पण मान खाली गेली ती माझीच.

मग माझी पाळी. शिरीननं मला वही दाखवली, सह्या ओळखायला लावल्या, शब्दांची दोन-दोन वाक्यं का लिहायची ते विचारलं. मी समजावून सांगितलं. न्यायाधीश मॅडम लक्ष देऊन ऐकत होत्या. मग तिकडचे वकील उठले. विलासराव त्यांचं नाव, माणूस शांत, एकदाही आवाज चढवला नाही.

“मास्तर, इंग्रजी किती वर्षं शिकवलंत?”

“चौतीस.”

“म्हणजे वाक्याचा अर्थ तुम्हाला कळतो.”

“कळतो.”

“या वहीत गौतमी हे नाव कुठं आहे?”

“नाही.”

“किशोर?”

“नाही.”

“‘द गर्ल’ मंगळवारपासून उपाशी आहे. हे वाचून तुम्ही काय केलंत? कासारसाईला गेलात? पोलिसांत गेलात?”

“नाही.”

“काय केलंत?”

“काळ सुधारला.”

“आणि मार्क दिलेत. आपली मुलगी उपाशी आहे हे कळल्यावर कुठला बाप मार्क देईल, मास्तर? मी तुम्हाला वाईट बाप म्हणत नाही. उलट तुम्ही चांगले बाप आहात, म्हणूनच म्हणतो, ही वाक्यं व्याकरणाची आहेत हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं. ‘द गर्ल’ ही कुणीच नाही. बरोबर?”

मॅडमनी वहीकडं बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं. शिरीन उठली, काही म्हणणार होती, पण परत बसली. तिच्याकडं काही नव्हतं. बाहेरच्या बाकावर सासूच्या मांडीवर ठमी बसली होती, दारातून तिचे पाय दिसत होते, बूट हलवत होती.

मी गौतमीकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. केस हातची जात होती, तिची पोर हातची जात होती, आणि ती मला धीर देत होती. डोळ्यांनीच म्हणाली, असू दे आप्पा, तुम्हाला काय ठाऊक होतं? आठ महिने ज्या नजरेसाठी मी मेलो होतो ती हीच नजर. एवढं एकदा गप्प राहिलो असतो तर ती जन्मभर माझ्यापाशी राहिली असती.

मी खिशात हात घातला.

“मॅडम, या वहीचं एक पान माझ्याकडं आहे.”

विलासरावांनी हरकत घेतली. मॅडमनी ती ऐकून घेतली, पण पान मागवलं. घड्या उलगडून वहीच्या फाटलेल्या कडेला लावलं. कड जुळली. त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही, मनात वाचलं, आणि मग चष्मा काढून मला विचारलं, “यात ‘मी’ लिहिलंय, ते लाल शाईनं खोडलंय. कुणी खोडलं?”

“मी.”

“का?”

“माझ्या वर्गात स्वतःबद्दल लिहायला बंदी होती. ती स्वतःबद्दल लिहीत होती. सबंध वही ती स्वतःबद्दल लिहीत होती, मॅडम. इथं तिनं बंदी मोडली, म्हणून मी तिचे मार्क कापले.”

“आणि पान किशोरनं फाडलं?”

“नाही. किशोरनं नाही फाडलं. मीच फाडलं, घरी. ती बावधनला आल्यावर.”

“आधी का नाही दिलंत?”

मी बोलायचा प्रयत्न केला. चौतीस वर्षं लोकांच्या पोरांना एकेक शब्द चार-चार कामांना लावायला शिकवला, आणि स्वतःला एकसुद्धा मिळेना. शेवटी म्हणालो, “तिला कळलं असतं.”

मॅडमनी पानाला पुराव्याची निशाणी दिली आणि शिपायाकरवी ते शिरीनकडं पोचवलं. शिरीननं ते गौतमीपुढं धरलं. मी मुद्दाम तिकडं बघितलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभा राहिलो, तरी ती वाचतेय हे मला कळत होतं.

दुपारनंतर हुकूम झाला. केसचा निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडं राहील. शिरीन आनंदानं ओरडली आणि मग माझ्याकडं बघून गप्प झाली. कोर्टाच्या आवारात गौतमीनं ठमीला कडेवर घेतलं. ठमी आधी आजीकडं हात करून रडली, मग आईचा कान धरून गप्प बसली. मी चार पावलांवर उभा होतो. चंद्रा माझ्याजवळ आली. मला वाटलं आता शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी पोरीसंगं जातीया,” ती म्हणाली. “तिला एका हातानं लेकरू आवरायचं न्हाई.”

“किती दिवस?”

“ते मी सांगू शकत न्हाई. भाकऱ्या करून ठिवल्यात, खावा.”

ती शिरीनच्या गाडीत जाऊन बसली. गौतमी बसता बसता थांबली. ठमीला चंद्राच्या मांडीवर दिलं आणि माझ्याकडं चालत आली. मोडलेला हात अजून सरळ होत नाही तिचा, कोपरात वाकडाच राहतो. तो हात ओढणीखाली धरून ती माझ्यासमोर उभी राहिली. रागावली नव्हती. त्या दिवसापर्यंत ती मला आप्पा म्हणतच होती, तेव्हाही म्हणाली.

“आप्पा, किती वाजता वाचलं होतं तुम्ही?”

“साडेनऊ. दहाच्या आत.”

तिनं मान डोलावली, जसं काही तेवढंच विचारायचं होतं. वळली. मग परत वळली, आणि मला कळावं म्हणून सांगावं तसं, अगदी हळू म्हणाली,

“मला वाटलं तुम्ही येताय. मी पिशवी भरून दारात बसले होते. अडीच वाजता ती पिशवी किशोरनं बघितली.”